मामा, मावशी आणि एक हजार रुपये

माणूस दवाखान्यात दाखल झाला की त्याचं आजोळ सुरू होतं. हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे, कारण विचार करण्याखेरीज दुसरं काहीही करायला मला तिथे पाच दिवस बंदी होती. तुम्हीच बघा. ढकलगाडीवरून नेतो तो मामा. भांडं देते ती मावशी. नर्स म्हणजे सिस्टर, आणि नर्स पुरुष असला तर ब्रदर. मामा आहे, मावशी आहे, भाऊ-बहीण आहेत. पण काका नाही, आत्या नाही. दुखण्यात माणसाला आईकडचीच माणसं आठवत असावीत. काका-आत्या आठवतात ते वाटणीच्या वेळी. आणि गंमत अशी, की त्या दवाखान्यात माझ्यावर शेवटी जो प्रसंग ओढवला तो वाटणीचाच होता.

पण आधी माझी ओळख. मी उंब्रजचा. पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचं गाव. तारळी नदी इथे कृष्णेला मिळते. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे आहे. शिवाय एका बँकेची शाखा आहे आणि तिच्यात काचेमागे मी आहे. मारुती बघायला लोक लांबून येतात. मला भेटायलाही लांबून येतात, पण हौसेने नव्हे.

एके दिवशी दहा रुपयांच्या नाण्यांची पिशवी उचलताना माझ्या जांघेत काहीतरी सरकलं. दहाचं नाणं आमच्या भागात कुणी घेत नाही, त्यामुळे ते सगळं बँकेत येऊन साठतं आणि शेवटी क्लार्कच्या आतड्यावर भार टाकतं. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ‘हर्निया’ म्हणून सांगितलं. मी घरी येऊन तसं सांगितलं तर सौभाग्यवतींनी “म्हणजे अंतर्गळच ना?” असं विचारून त्या दुखण्यातली सगळी प्रतिष्ठा काढून घेतली. मारुतीला नारळ कबूल झाला आणि मी कऱ्हाडच्या एका दवाखान्यात दाखल झालो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्याची तक्रार नाही, पण जाहिरातही नको.

आता हिशेब बघा. मी पाच दिवस होतो. पाच दिवस म्हणजे 7,200 मिनिटं. ऑपरेशनला चाळीस मिनिटं लागली. डॉक्टर दिवसातून दोनदा राउंडला येत आणि दर वेळी तीन मिनिटं थांबत, ती झाली तीस. म्हणजे ज्या डॉक्टरांच्या नावाने मी तिथे गेलो, ज्यांच्या पाटीवरच्या डिग्र्या मला तोंडपाठ होत्या, ते माझ्या वाट्याला आले एकूण सत्तर मिनिटं. उरलेली 7,130 मिनिटं मी कुणाच्या ताब्यात होतो? मामाच्या आणि मावशीच्या. त्यांची नावं काय? ते मला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामा वस्तरा घेऊन आला आणि त्याने माझ्या अशा प्रदेशाची हजामत केली, जिथे आमच्या गावच्या नाभिकाची वर्दी कधी पोचली नव्हती. मी लाजेने डोळे मिटून घेतले. मामा मात्र वस्तरा चालवता चालवता मला उसाच्या पहिल्या हप्त्याबद्दल विचारत होता. माणसाची लाज घालवण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे तिची टिंगल करणं आणि दुसरा म्हणजे ती दिसलीच नाही असं दाखवणं. मामा दुसऱ्या मार्गाचा वारकरी होता.

त्याच रात्री खरा प्रसंग आला. कमरेत भूल दिली की पाय जागे होतात, पण काही खाती उशिरा उघडतात. रात्रीचे दोन वाजले. पोट तटतटलेलं, आणि लघवी काही केल्या होईना. सिस्टर येऊन बघून गेल्या आणि “अर्धा तास वाट बघू, नाहीतर नळी घालावी लागेल” असं म्हणाल्या. ‘नळी’ या शब्दाने उरलीसुरली आशाही आकसली. तेवढ्यात मावशी आली. तिने भांडं लावलं, पांघरूण नीट केलं, कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ बारीक सोडला आणि पाठ करून उभी राहिली. “नळाचा आवाज आयका सायेब. कुठं जायची घाई न्हाई.” नळ वाजत राहिला. मी आमच्या कृष्णेचं स्मरण केलं. आणि पाच मिनिटांत, काय सांगू, तारळी कृष्णेला मिळाली.

मी बी.कॉम. आहे. पहिल्या वर्षाला आम्हाला अॅडम स्मिथचं कोडं होतं. त्याने 1776 सालच्या आपल्या ग्रंथात विचारलं होतं, की पाण्यावाचून माणूस जगत नाही तरी पाणी स्वस्त, आणि हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही तरी हिरा महाग, हे कसं? पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, की किंमत एकूण उपयोगावरून ठरत नाही, शेवटच्या नगाच्या उपयोगावरून ठरते. त्याला सीमांत उपयोगिता म्हणतात. हा सिद्धान्त मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिला होता, पण तो कळला त्या रात्री दोन वाजता. त्या क्षणी कुणी माझ्या एका बाजूला कोहिनूर आणि दुसऱ्या बाजूला ते पत्र्याचं भांडं ठेवलं असतं, तर कोहिनूर मी मामाला देऊन टाकला असता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सौभाग्यवतींनी पर्समधून शंभराच्या दहा नोटा काढून माझ्या उशाशी ठेवल्या. “उद्या डिस्चार्ज. इथल्या माणसांना चहापाण्याला काहीतरी द्यायला हवं. तुम्ही बँकेतले. नीट वाटून द्या.” एवढं बोलून त्या डबे घेऊन एस.टी.ला निघून गेल्या.

वाचकहो, इथून माझं खरं दुखणं सुरू झालं. कुणाला किती द्यायचे? माणूस तितका वाटा असं म्हणावं, तर दाराशी स्टुलावर बसून पास बघणारा आणि मध्यरात्री भांडं धरणारी यांना सारखं कसं तोलायचं? आणि कमी-जास्त द्यावं, तर कुणाला कमी? का? हा प्रश्न हजार रुपयांचा होता, पण याच प्रश्नावर सरकार वेतन आयोग नेमतं. बँकेत आमचं यावरच आयुष्य जातं. कुठल्या कामाला किती विशेष भत्ता यावर आमच्या युनियनने व्यवस्थापनाशी इतके करार केले आहेत, की त्यांच्या बाडांनीच दोन कपाटं भरली आहेत. तेव्हा मी म्हटलं, आपणही शास्त्रशुद्ध जाऊ. तापमानाच्या कागदाच्या मागे मी तक्ता आखला. दवाखान्यातली दहा कामं उभी आणि चार रकाने आडवे: कौशल्य, जबाबदारी, कष्ट, धोका. प्रत्येकाला पंचवीस गुण.

शेजारच्या कॉटवर एक सेवानिवृत्त मास्तर होते. त्यांनी अख्खी हयात गुण देण्यात घालवलेली. त्यामुळे तेही उठून बसले.

पहिल्या फेरीचा निकाल असा लागला: सर्वप्रथम, बिलिंगचा क्लार्क. मी स्वतः चकित झालो. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “परीक्षक आणि विद्यार्थी एकाच गोत्राचे दिसतात.” मी तक्ता पुन्हा तपासला. कौशल्यात क्लार्कला चोवीस दिले होते, कारण तो संगणक चालवतो. मावशीला दिले होते चार. का, तर ती शिकलेली नाही.

“आणि नळ?” मास्तरांनी विचारलं. त्यांना रात्री जाग होती, हे मला तेव्हा कळलं. “नळ सोडायची युक्ती कुठल्या वर्गात शिकवतात? तुम्हाला येत होती का? सिस्टरना सुचली का?”

मी चाराचे अठरा केले. मास्तर म्हणाले, “हे बघा, आपण कागद असलेल्या शहाणपणाला कौशल्य म्हणतो आणि बिनकागदाच्या शहाणपणाला सवय. मी चाळीस वर्षं हेच केलं. माझं चुकलं.” मास्तर असं बोलले की मला गलबलून येतं, आणि टाके असताना गलबलणं परवडत नाही.

दुसरी पद्धत मास्तरांनीच सुचवली. कोण नसलं तर किती अडतं ते बघायचं. डॉक्टर मध्ये एक दिवस पुण्याला परिषदेला गेले होते. दवाखाना चालला. लिफ्टवाला अर्धा तास जेवायला गेला, तर दोन पेशंट आणि एक डाळिंबाची टोपली तळमजल्यावर तिष्ठत राहिली. धोब्याकडून चादरी आल्या नाहीत, तर ऑपरेशन पुढे. जेवणाची गाडी आली नाही, तर साखरेच्या पेशंटला चक्कर. प्राणवायूची तर बातच सोडा. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, आणि नळीतला दाब उतरल्याने वीसहून अधिक माणसं गेली. डॉक्टर हजर होते, औषधं हजर होती. त्या दिवसापर्यंत टाकीजवळचा पान्हा आणि तो फिरवणारा माणूस यांचा विचार तुम्ही-आम्ही कधी केला होता का? गाडीच्या चाकाची खीळ दोन पैशांची असते, पण ती निसटल्यावर बैलांची किंमत विचारून उपयोग नसतो.

पण या पद्धतीत एक घोळ झाला. ‘नसलं तर अडतं’ या कसोटीवर दहाचे दहा जण पहिले आले. बँकेत अशा वेळी आम्ही वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शन मागतो. इथे वरिष्ठ कार्यालय म्हणजे आमचा मारुती. मी त्याचं स्मरण केलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा निदान कुणी केलं? सुषेण वैद्याने. औषध कुणी लिहून दिलं? त्यानेच. आणि मारुतीने काय केलं? औषध आणलं. म्हणजे आजच्या भाषेत मारुती हा त्या केसमधला वॉर्डबॉय. तोही असा, की सांगितलेली वनस्पती ओळखू येईना म्हणून अख्खा द्रोणागिरी उचलून घेऊन आला. आमच्या बँकेतही शिपायाला एक फाईल मागितली की तो अख्खा गठ्ठा आणून टेबलावर टाकतो. त्यावर मी कैक वेळा चिडलो आहे. पुढे चिडणार नाही, कारण त्यामागची परंपरा आता कळली. तर मुद्दा असा, की समर्थांनी या कृष्णाकाठी अकरा मारुती बसवले. सुषेणाचं देऊळ तुम्ही कुठे पाहिलंत? मी तरी नाही. आपल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वीच या केसचा निकाल लावून टाकला होता, की औषध सांगणारा मोठा खरा, पण शेंदूर आणणाऱ्याला.

मास्तर म्हणाले, “शेंदूर फासला, पण वेतनश्रेणी?”

मास्तरांचं हे असं. सणसणीत प्रश्न विचारायचा आणि कुशीवर वळायचं.

वेतनश्रेणीचं उत्तर बाजाराकडे आहे. सर्जन थोडे, मावश्या पुष्कळ. म्हणून सर्जन महाग, मावशी स्वस्त. म्हणजे बाजार उपयोगाची किंमत करत नाही, टंचाईची करतो. इथवर ठीक. पण मावश्या पुष्कळ का? कारण ज्यांच्या घरात दुसरा कुठला दरवाजा उघडाच ठेवला नव्हता, त्यांनी पिढ्यान् पिढ्या हीच कामं केली. खराटा आणि घाण यांचं मोल आपण कामाकडे बघून ठरवलंच नाही. ते करणाऱ्याच्या जन्माकडे बघून ठरवलं, आणि मग म्हणालो, हा बाजारभाव आहे. सरकारदरबारी आता नावं सुधारली. वॉर्डबॉयचा कक्षसेवक झाला, झाडूवाल्याचा सफाईगार. चतुर्थ श्रेणीचा ‘गट ड’ झाला. 108च्या गाडीच्या चालकाला तर पायलट म्हणतात. नाव विमानाचं मिळालं, पण बहुतेकांची नेमणूक कंत्राटाची, म्हणजे कधी खाली उतरवतील त्याचा नेम नाही.

एवढ्यात चिरंजीव डबा घेऊन आले. त्यांना विषय कळला तसा त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दहा मिनिटांत विलायतेहून पुरावा हजर केला. लंडनच्या ‘न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन’ या संस्थेने 2009 साली सहा कामांची अशीच तुलना केली होती. कुणाला पगार किती हे त्यांनी बघितलं नाही. त्या पगारातल्या दर एका पौंडामागे समाजाच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब मांडला. त्यात दवाखान्याची सफाई करणारा माणूस एका पौंडामागे दहा पौंडांहून जास्त परत देतो असं निघालं. मी म्हटलं, वा! आणि मग चिरंजीवांनी पुढची ओळ वाचली. बडा बँकर एक पौंड मिळवताना समाजाचे सात पौंड घालवतो.

खोलीत शांतता पसरली. नळ टपटपत होता.

“अरे, ते लंडनचे मोठे बँकर,” मी म्हणालो. “लाखो पौंड घेणारे. उंब्रजचा क्लार्क त्यात येत नाही.”

“करसल्लागार तर सत्तेचाळीस पौंड घालवतो म्हणे,” चिरंजीव माझं सांत्वन करण्यासाठी म्हणाले. पण त्या वेळी मास्तर भिंतीकडे तोंड करून हसत होते आणि त्यांची कॉट हलत होती.

मग मास्तर वळले आणि त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. “यात एक नाव नाही.”

मी दहाच्या दहा ओळी वाचल्या. “कुणाचं?”

“पहाटे पाचला येते ती.”

मी चार पहाटे तिथे झोपलो होतो. झोपेत एक ओला वास आणि फरशीवर कापड फिरल्याचा आवाज एवढंच मला आठवत होतं. त्या बाईचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. कागदावर शून्य गुण मिळणं निराळं आणि कागदावर नसणंच निराळं. पहिल्याला नापास म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचं?

पाचव्या पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो. ती आली, आणि मला वाटलं होतं त्याहून हे काम पुष्कळ अवघड निघालं. मला वाटायचं कचरा म्हणजे कचरा. तिच्यापुढे चार रंग होते. रक्ताचा कापूस, बँडेज पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या लाल. सुया पांढऱ्या डब्यात, जो सुईने टोचला तरी फुटत नाही. काचेच्या बाटल्या निळ्यात. हे 2016 सालचे नियम आहेत आणि चुकीला जागा नाही, कारण कापसात राहिलेली एक सुई पुढच्या हाताला काय देऊन जाईल, सांगता येत नाही. आणि तो पुढचा हात बहुधा तिचाच किंवा तिच्यासारखीचा. ‘धोका’ या रकान्यात मी बिलिंगच्या क्लार्कला बारा गुण दिले होते, नोटा खोट्या निघू शकतात म्हणून.

ती गेली तेव्हा फरशी कोरडी होती, टोपली रिकामी होती आणि काहीही घडलेलं नव्हतं. हाच तिच्या कामाचा माल. काहीही न घडणं.

1854 साली फ्लोरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली, त्या हिवाळ्यात तिथले जखमी पटापट मरत होते. फेब्रुवारी 1855 मध्ये हे प्रमाण शंभरात बेचाळीसवर गेलं होतं. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता पथक आलं, त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत बेचाळीसचे दोन झाले. आता मला सांगा, जे चाळीस जण मेले नाहीत, त्यांच्यापैकी एकाला तरी कळलं असेल का, की आपण एका गटार उपसणाऱ्यामुळे जगलो? डॉक्टरने वाचवलेला पेशंट पेढे घेऊन येतो. ज्याला रोग झालाच नाही, तो पेढे कुणाला देणार? माझी जखम पिकली नाही. हे न पिकणं कुणी केलं? डॉक्टरांच्या बिलात चाळीस मिनिटांचे पैसे लागले. न पिकण्याचे कुणी लावलेच नाहीत. घडलेल्या गोष्टींना पावती असते, न घडलेल्या गोष्टींचं खातं कुठल्याच बँकेत उघडत नाही. माझा तक्ता तिथे फसला होता. मी दिसणाऱ्या कामाला गुण देत होतो, आणि ही कामं अशी, की ती उत्तम झाली की दिसेनाशी होतात.

सगळ्यांना एकच भाव लागल्याचं मला एकदाच आठवतं. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आपण थाळ्या वाजवल्या. त्यानंतर चार दिवसांनी अर्थमंत्र्यांनी करोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी विमा जाहीर केला, प्रत्येकी पन्नास लाखांचा. त्या यादीत मोठे तज्ज्ञ डॉक्टर होते, नर्स होत्या, आशा होत्या, वॉर्डबॉय होते आणि सफाई कामगारही होते. रक्कम सर्वांना सारखी. जिवंतपणी ज्यांच्या पगारात वीसपट फरक, त्यांच्या मरणाला मात्र एकच किंमत. सरकारने चुकून का होईना, खरं उत्तर लिहिलं. फक्त ते वारसाला मिळणार होतं.

एव्हाना उजाडलं होतं. अकरा जण आणि दहा नोटा. मी माझ्या पाकिटातली एक नोट घातली आणि प्रत्येकी शंभर ठरवून टाकले. मास्तर म्हणाले, “मग तक्ता कशाला केला?” मी म्हटलं, “तक्ता केल्याशिवाय तो चुकीचा आहे हे कळत नाही.” बँकेतली बरीच कामं याच तत्त्वावर चालतात.

अकरा वाजता सौभाग्यवती आल्या. मी वाटणी सुरू केली. मामाने नोट कपाळाला लावली आणि “साहेब, जड उचलू नका, चिल्लर तर मुळीच नको,” असं सांगितलं. लिफ्टवाल्याने मला एक मजला फुकट वर नेऊन खाली आणलं. पहाटेची बाई घरी गेली होती. तिची नोट मी मावशीकडे द्यायला गेलो, आणि तिला तिचीही दिली. मावशीने एक नोट पदराला बांधली, “ही तिला पोचवते.” दुसरी परत माझ्या हातात ठेवली.

“मला पैसं नगंत सायेब. एक काम हाय. तुमी उंब्रजच्या बँकंतलं नव्हं? काचंमागचं?”

मी मान हलवली. पोटात, टाक्यांच्या बरंच वर, काहीतरी सरकलं.

“मी तिकडचीच, तारळ्याच्या अंगाची. माजं जनधनचं खातं हाय तुमच्यात. त्ये बंद पडलंय म्हनं, केवायसी न्हाई म्हून. पगार त्यात अडकलाय दोन म्हैन्याचा. तीन खेपा आले मी. पैल्यांदी फोटू न्हाई म्हनालासा. दुसऱ्यांदी लिंक न्हाई म्हनालासा. तिसऱ्यांदी तुमी जेवत हुतासा.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. काचेतून मला बहुतेक हात दिसतात, हातातली पासबुकं दिसतात. चेहरा बघायचा असतो, हे कुणी सांगितलेलं नाही. “मावशी, मग हे पहिल्या दिवशीच का बोलला नाहीत?”

“तवा पोटाला टाकं हुतं की तुमच्या. मानसाला मनाला लागंल असं बोलू ने. टाकं वढतात.”

वाचकहो, मी पुढे बोलू शकलो नाही. मला ती रात्र आठवली. रात्रीचे दोन वाजले आहेत, पोट तटतटलं आहे, आणि मावशीने मला ओळखलं आहे. समजा, तिने भांडं हातात धरून शांतपणे म्हटलं असतं, “सायेब, लिंक डाउन हाय. उद्या या.” समजा, नुसतं एवढंच म्हटलं असतं, की “माजा जेवायचा टाइम हाय.” ती तसं म्हणाली नाही. तिने नळ सोडला.

सौभाग्यवती एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांची एक पुडी काढून मावशीच्या हातात दिली. “तुमच्या नातीला. तिला आवडतात म्हणाला होता ना?” त्यांना नातीपर्यंत माहीत होतं. पाच दिवस डब्याला येता-जाता त्यांनी सगळ्यांची नावं, गावं, पोरंबाळं विचारून ठेवली होती. तक्ता न करता.

पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झालो. पहिल्या दिवशी मावशी रात्रपाळी करून वडापने थेट बँकेत आली. मी काचेच्या बाहेर येऊन तिला बाकावर बसवलं आणि घड्याळ लावून काम केलं. फोटो, आधार, अंगठा आणि साहेबांची सही. एकूण अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांसाठी तिच्या तीन खेपा झाल्या होत्या, तीन दिवसांचा रोज बुडाला होता, वडापचं भाडं गेलं होतं. लंडनच्या त्या हिशेबात उंब्रजचा क्लार्क येत नाही, असं मी चिरंजीवांना म्हणालो होतो. तो आकडा मी आता स्वतःपुरता काढून ठेवला आहे. इथे छापत नाही.

त्याच दिवशी महिनाअखेरची व्हाउचरं माझ्यापुढे आली. त्यात आमच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या बाईंचं होतं. बँकेत अर्धवेळ सफाईवाल्यांना आठवड्याच्या तासांवरून एक तृतीयांश, निम्मा किंवा पाऊण पगार मिळतो. आमच्या बाई एक तृतीयांश आहेत. आम्ही तसंच म्हणतो, ‘ती आमची वन-थर्ड’. इतकी वर्षं मी ते व्हाउचर बिनदिक्कत पास केलं. त्या दिवशी मात्र तो अपूर्णांक घशाशी आला. मी ज्या कॉलेजात बी.कॉम. झालो, ते कऱ्हाडचं कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1954 साली सुरू केलं आणि त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. ज्या माणसाने हयातभर हातात खराटा धरला, त्याच्या नावाच्या पदवीच्या कागदावर मी खुर्चीत बसलो, आणि खराटा धरणाऱ्या बाईला अपूर्णांकात हाक मारत आलो. बाईंना मी बोलावलं आणि पूर्ण नाव विचारलं. त्या घाबरल्या. बँकेत कुणी नाव विचारलं की पैसे कापणार, असा त्यांचा अनुभव होता.

तो तक्ता मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. दहा कामं छापील अक्षरात, अकरावं मास्तरांच्या हस्ताक्षरात. खाली मी एक बारावी ओळ वाढवली आहे: ‘बँकेतला क्लार्क, काचेमागचा.’ चारही रकाने मोकळे सोडले आहेत. ते भरायचं काम माझं नाही. मावशी पुढच्या महिन्यात पासबुक भरायला येणार आहे, तेव्हा विचारीन म्हणतो.

अर्थात, त्या दिवशी पासबुकाचं मशीन चालू असलं तर.